ऐकले

"तारीख आधी," आई म्हणाली.

"पाच फेब्रुवारी."

"जावक क्रमांक?"

"आई, ग्रंथालयाचं साधं स्मरणपत्र आहे. तीन पुस्तकं परत करा म्हणतायत."

"ते साधं आहे की नाही, मला ठरवू दे. जावक क्रमांक वाच."

मी वाचला. मग विषय, संदर्भ, महोदया, मजकूर, आपला विश्वासू, आणि अगदी तळाचं 'प्रत माहितीसाठी'. शेवटी म्हटलं, "उजव्या कोपऱ्यात चहाचा डाग आहे."

"कपाचा की थेंबाचा?"

"कपाचा. पूर्ण गोल."

"म्हणजे निवांत बसून लिहिलंय," ती म्हणाली आणि तिनं हात पुढे केला.

मी कागद तिच्यासमोर सरळ ठेवला आणि त्यावर पट्टी ठेवली. ही पट्टी एका जुन्या एक्स-रे फिल्मची होती, मधोमध एक लांबट खाच कापलेली. खाचेच्या कडेवर करंगळी टेकवून आईनं आत लिहिलं : ऐकले. पुढं सही, पुढं तारीख.

बाकीचे विभागप्रमुख अशा कागदांवर 'पाहिले' लिहीत. प्राचार्य शिखऱ्यांनी तिला एकदा विचारलंही होतं, "मॅडम, सगळे लिहितात तसं लिहायला काय हरकत आहे?" आई म्हणाली, "न पाहता पाहिले कसं लिहू, सर?" "अहो, ती पद्धत असते." "मग ही माझी पद्धत."

आईचे डोळे बाराव्या वर्षी तापात गेले. तोवर लिहायला शिकून झालं होतं, त्यामुळे तिचं अक्षर शेवटपर्यंत सहावीतल्या मुलीचं राहिलं. त्याच अक्षरात ती डॉ. कुमुद मगदूम अशी सही करायची. मिरजेतल्या एका कॉलेजात ती सौंदर्यशास्त्र शिकवायची. मूर्ती आणि शिल्पं हातांनी कशी वाचावीत यावर तिचा प्रबंध होता. दोन वर्षांपूर्वी तिनं अपंगत्व अभ्यासाचा छोटा विभाग सुरू केला होता. त्यात ती, एक अर्धवेळ अध्यापक आणि अकरा विद्यार्थी. बाबा मी चौथीत असताना गेले. तेव्हापासून आईची वाचक मी. २००२ साली मी एकोणीस वर्षांची होते, म्हणजे दहा वर्षं रोज सकाळी साडेसातला मी तिला वाचून दाखवत होते.

नियम एकच होता. वाचणाऱ्यानं निवडायचं नाही. निवडणं आईचं काम.

त्या शुक्रवारी टपालात तीन पाकिटं होती. कॉलेजातून शिपाई कदममामा आदल्या संध्याकाळी घरी आणून देत. दुसऱ्या पाकिटात पुण्याच्या एका मासिकाचं पत्र होतं. तिसऱ्यावर बांधकाम खात्याचा शिक्का होता. पत्र प्राचार्यांच्या नावे आलं होतं आणि समासात शिखऱ्यांनी, टपाल न वाचता पुढं ढकलायच्या सवयीनं, हिरव्या शाईत लिहिलं होतं : 'संबंधित विभागप्रमुखांनी कार्यवाही करावी.'

पाकीट फोडताना डोळे कागदावरून आधीच फिरतात. डोळस माणसाला ते थांबवता येत नाही. मला 'लाकडी गॅलरी' दिसलं, 'तिसरा खांब' दिसला, आणि 'वापर करण्यात येऊ नये' दिसलं.

"काय आहे?" आईनं विचारलं.

सोमवारी त्या गॅलरीत आईचं प्रदर्शन होतं. सभागृहात खाली बारावीच्या सराव परीक्षेचे बाक लागलेले, म्हणून शिखऱ्यांनी वरची गॅलरी दिली होती. विद्यार्थ्यांनी केलेली एकोणतीस शिल्पं, आणि प्रत्येकाखाली पाटी : कृपया हात लावा. ते बघायला विद्यापीठाची समिती येणार होती. विभागाचं केंद्र करायचं की नाही, एम. ए.चे वर्ग द्यायचे की नाही, आणि केंद्राची संचालक म्हणून आईला नेमायचं की बाहेरून कुणाला आणायचं, हे त्या दिवशी ठरणार होतं. शिखऱ्यांचं मत सगळ्यांना माहीत होतं. स्टाफच्या बैठकीत ते आईसमोरच म्हणाले होते, "कामाबद्दल प्रश्नच नाही. पण केंद्र म्हणजे कागद आले. सही मॅडमची आणि डोळे मुलीचे, असं कसं चालेल? उद्या काही झालं तर जबाबदार कोण?"

"पदू? काय आहे?"

"परिपत्रक आहे," मी म्हणाले. "विजेच्या बचतीबाबत."

"वाच की मग."

मी वाचलं. तारीख खरी वाचली, जावक क्रमांक खरा वाचला. पुढं म्हटलं, सर्व विभागप्रमुखांना कळविण्यात येते की, वर्ग सुटल्यानंतर दिवे व पंखे बंद असल्याची खातरजमा करण्यात यावी. कार्यालयीन वेळेनंतर विजेचा वापर केल्यास संबंधितांस लेखी खुलासा द्यावा लागेल. आपला विश्वासू.

"आमच्या विभागात पंखा एकच. तोही फिरत नाही," आई हसून म्हणाली. तिनं हात पुढे केला.

मी पट्टी ठेवली. तिनं लिहिलं : ऐकले.

मी कागद फायलीत लावला. माझी योजना अशी होती की, मंगळवारी प्रदर्शन उतरलं की पत्र पुन्हा आल्यासारखं करून तिला खरं वाचून दाखवायचं. चार दिवसांचा प्रश्न होता. गॅलरी शंभर वर्षं उभी होती.

रविवारी दुपारी आम्ही मांडणीसाठी सभागृहात गेलो. रेहाना आधीच आली होती. रेहाना सतारमेकर आईच्या अकरा विद्यार्थ्यांपैकी एक, चोवीस वर्षांची, जन्मापासून दृष्टिहीन. तिच्या घरात चार पिढ्या तंबोरे बनवण्यात गेलेल्या. वडील भोपळा निवडायला तिला बोलवत, कारण बोटांनी टकटक करून कुठला गाईल आणि कुठला चिरेल ते ती सांगायची. प्रदर्शनातलं सगळ्यात चांगलं काम तिचं होतं : मातीतले एका म्हातारीचे दोन हात, गुडघ्यावर उलटे ठेवलेले.

"मॅडम, माझी दादी कुठं बसवू?" तिनं विचारलं.

"उजेडात बसव."

"आपल्याला काय उजेड न् काय अंधार!"

"आपल्याला नाही गं. समितीच्या बिचाऱ्यांना डोळ्यांशिवाय दिसत नाही."

दोघी हसल्या. मी तिसरा खांब शोधत होते. जिना चढून उजवीकडे वळलं की पहिला, मग दुसरा, आणि तिसरा नेमका खिडकीपाशी. तिथंच उजेड होता.

"तिथं नको," मी म्हणाले. "तिथं ऊन येतं. माती तडकेल."

"भाजलेली आहे गं ती," रेहाना म्हणाली. "दोनदा."

आई काठी टेकत गॅलरीतून निघाली. ती नवी जागा अशीच बघायची, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, दर पावलाला एक टक. पहिला खांब गेला, दुसरा गेला. तिसऱ्यापाशी काठी थांबली. पुन्हा टक. मग जरा डावीकडे टक. मग ती खाली वाकली आणि तिनं तळहात फळीवर ठेवला.

"इथं आवाज बदललाय," ती म्हणाली. "जूनमध्ये आले होते तेव्हा असा नव्हता."

"जुनं लाकूड आहे, आई."

"जुनं आहे म्हणूनच विचारते. रेहाना, इकडे ये. ऐक बरं."

रेहाना आली. तिनं बोटांची पेरं फळीवर आपटली, भोपळ्यावर आपटायची तशीच. मान तिरकी करून ऐकलं. "पोकळ बोलतंय," ती म्हणाली. "पण खाली हवा असंल तर बोलणारच की, मॅडम. खालून मोकळंच आहे ना?"

आई उभी राहिली. तिचा चेहरा माझ्याकडे वळला, माझ्या आवाजाच्या उंचीवर बरोबर.

"पदू, बांधकाम खात्याचं काही आलं होतं का?"

"नाही."

"टपाल सगळं वाचलंस ना या आठवड्याचं?"

"सगळं."

तिची काठी अजून फळीवरच होती.

"मग माझाच कान," ती म्हणाली, आणि पुढं गेली.

त्या दोघी जिना उतरल्यावर मी एक लांब बाक ओढत आणला आणि तिसऱ्या खांबापाशी आडवा लावून वाट बंद केली. त्यावर एक पाटीही ठेवली : इकडे जाऊ नये. तेव्हा ती पाटी कुणासाठी लिहिली हे माझ्या डोक्यात आलं नाही. मी कदममामांना बजावून सांगितलं, बाक हलवू नका.

सोमवारी अकराला समिती आली. दोन पुरुष, एक बाई, आणि सोबत शिखरे. मी खाली पाहुण्यांची नावं लिहून घेत होते. अंधशाळेचे माजी विद्यार्थी आले होते, काठ्या, कुबड्या, एक व्हीलचेअर. ती चौघांनी उचलून वर नेली. वरून आईचा आवाज येत होता. ती बोलायची तेव्हा सभागृहात माइक लागत नसे.

"डोळे मिटून घ्या सर, उगाच अडचण होते त्यांची," ती कुणाला तरी म्हणाली, आणि हशा झाला. शिखरेही हसले. मला वाटलं, झालं. मिळालं आपल्याला केंद्र.

मग काठी लाकडावर आपटल्याचा आवाज आला. मोठा, सपाट.

"हा बाक वाटेत कुणी ठेवलाय?"

मी वही टाकून जिन्याकडे धावले.

"मॅडम, ताईंनी सांगितलं होतं..." कदममामा म्हणत होते.

"काय सांगितलं होतं? अहो, इथं डोळे नसलेली माणसं फिरणार आहेत. आडवा बाक? उचला आधी. आणि रेहाना, तुझी दादी आण बघू इकडे खिडकीत. सरांना नीट बघू दे."

मी जिन्याच्या अर्ध्यावर होते. बाक सरकल्याचा आवाज ऐकला. मग खूप पावलं एकदम, एका जागी गोळा होणारी. रेहाना सांगायला लागली, "हे माझ्या दादीचे हात. ती तारा खेचायची..."

फळी मोडल्याचा आवाज मोठा नव्हता. शेवग्याची शेंग मोडावी तेवढाच.

रेहाना खाली पडली नाही. कमरेपर्यंत आत गेली आणि अडकली. एक लोखंडी पट्टी बाहेर आली होती, तिच्यावर तिचा उजवा हात कोपरापासून मनगटापर्यंत उघडला. ती ओरडलीसुद्धा नाही. ती विचारत होती, "दादी फुटली का? मॅडम, दादी फुटली का?"

आई गुडघ्यांवर बसून, फळ्या चाचपत तिच्याकडे सरकत होती आणि सगळ्यांना ओरडून सांगत होती, "मागं व्हा! भिंतीला लागून उभे राहा! कुणी हलू नका!" तिला तेव्हा माझ्याकडे वळायला वेळ नव्हता. तरी एकदा ती वळली.

हात वाचला, पण नस तुटली होती. उजव्या हाताच्या तीन बोटांना स्पर्श उरला नाही. त्यातलं एक तर्जनी. रेहाना ब्रेल त्याच बोटानं वाचायची.

पुढचे तीन आठवडे आई माझ्याशी जेवणाखाण्यापुरतंच बोलली. टपाल आलं ते तिनं टेबलावर तसंच ठेवलं. मी दोनदा तिच्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिले. दोन्ही वेळा ती म्हणाली, "झोप आता," आणि दोन्ही वेळा मी गेले.

चौकशी पाच मार्चला, दुपारी चार वाजता, प्राचार्यांच्या खोलीत झाली. टेबलापलीकडे तिघं होते. मध्ये विद्यापीठाचे एक वयस्क प्राध्यापक, नाव देवस्थळी, सभ्य गृहस्थ. आई समोरच्या खुर्चीत आणि मी तिच्या डाव्या हाताला. शिखरे खिडकीपाशी बसले होते. त्यांनी फाईल उघडून कागद काढला.

"मॅडम, या पत्रावर सही आहे. तुमची आहे का, सांगा."

"द्या."

आईनं कागद घेतला आणि उलटा केला. ती पेन फार दाबून लिहायची. मागच्या बाजूला अक्षरं उठायची. तिनं अंगठा फिरवला.

"सही माझी. 'ऐकले'ही माझंच. पत्र कसलं आहे?"

"मी वाचतो," शिखरे म्हणाले.

"नको, सर. माझी वाचक आहे."

तिनं कागद डावीकडे धरला. मी घेतला.

"तारीख आधी," आई म्हणाली.

मी तारीख वाचली. जावक क्रमांक वाचला. विषय, सभागृहातील लाकडी गॅलरीच्या तुळयांबाबत. महोदय, उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, दिनांक एकतीस जानेवारी रोजी सदर गॅलरीची पाहणी करण्यात आली. तिसऱ्या खांबालगतच्या तुळयांना आतून वाळवी लागल्याचे आढळून आले आहे. सबब दुरुस्ती पूर्ण होईपर्यंत गॅलरीचा कोणत्याही कारणासाठी वापर करण्यात येऊ नये. मी खालची सही वाचली. समासातली हिरवी शाई वाचली. 'प्रत माहितीसाठी' वाचलं. माझा आवाज कुठं फुटला नाही, याची मला आजही लाज वाटते.

आई सगळं ऐकून घेत होती. खोलीत फक्त आम्हा दोघींना माहीत होतं की ती हे पहिल्यांदा ऐकतेय.

देवस्थळी पुढं झुकले. फार मऊ आवाजात म्हणाले, "मगदूम मॅडम, एक लक्षात घ्या. हे पत्र त्या दिवशी तुम्हाला वाचून दाखवलं गेलं नसेल, किंवा अपुरं वाचलं गेलं असेल, तर तसं सांगा. तुमच्यावर काही येणार नाही. दृष्टिहीन व्यक्तीच्या हातात कागद दिला, तिनं विश्वासानं सही केली. कुणीही समजून घेईल."

"हेच तर मी दोन वर्षं सांगत होतो," शिखरे खिडकीपाशी बसूनच म्हणाले. टोमणा नव्हता त्यात. त्यांना खरंच वाईट वाटत होतं.

मी बोलायला तोंड उघडलं. माझ्या पावलावर काहीतरी टेकलं. आईची काठी होती. तिचं टोक माझ्या चपलेच्या पट्ट्यावर होतं आणि त्यावर आईचा भार होता.

"देवस्थळी सर," ती म्हणाली, "कागदावर काय लिहिलंय?"

"ऐकले."

"मग ऐकलंय."

"म्हणजे धोका माहीत असूनही तुम्ही..."

"हो."

"कारण?"

"प्रदर्शन व्हायला हवं होतं. वाटलं, चार दिवसांचा प्रश्न आहे."

माझ्या डोक्यातलं वाक्य तिनं जसंच्या तसं म्हटलं. मी ते तिला कधीच सांगितलं नव्हतं.

त्यांनी ते लिहून घेतलं. टाइप होऊन आल्यावर मी पट्टी ठेवली आणि तिनं सही केली. नुसती सही.

रिक्षात बसल्यावर तिनं काठी मांडीवर आडवी घेतली. मग म्हणाली, "किती ओळींचं होतं?"

"अकरा."

"आणि मला वाचलंस ते?"

"चार."

"हं. चांगलं रचलं होतंस. 'लेखी खुलासा द्यावा लागेल.' मला सरकारीच वाटलं."

"आई, तू खरं का सांगितलं नाहीस?"

रिक्षा पुलावरून गेली. तिनं तोंड वाऱ्याकडे केलं होतं.

"कुठलं खरं?" ती म्हणाली. "तुझं सांगितलं असतं, तर उद्यापासून आंधळ्या माणसाच्या सहीला काय किंमत राहिली असती, सांग. माझ्या सहीचं सोड. पुढं येणाऱ्यांच्या?"

म्हणजे तिनं मला वाचवलं नव्हतं, सही वाचवली होती. असं मी कित्येक वर्षं धरून चालले. मग कधी वाटायचं, तसं असतं तर काठी माझ्या पायावर कशाला ठेवली असती? तिनं दुसरं कारण कधी दिलं नाही आणि मी विचारलं नाही.

केंद्र मिळालं नाही. दोन वर्षांनी ते दुसऱ्या शहरात निघालं. आईनं मुदतीआधी निवृत्ती घेतली. चौकशीच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी साडेसातला ती येऊन खुर्चीत बसली आणि म्हणाली, "वाच." कॉलेजचं टपाल आदल्या संध्याकाळीच बंद झालं होतं, साठलेलंही कदममामा परत घेऊन गेले होते. मी वर्तमानपत्र उचललं आणि नावापासून वाचायला लागले, वर्ष, अंक, किंमत. ती थांबवेपर्यंत. एकवीस वर्षं मी वाचत राहिले आणि ती सह्या करत राहिली. पण त्या सगळ्या वर्षांत 'ऐकले' तिनं कुठल्याच कागदावर लिहिलं नाही.

दर गुरुवारी ती रेहानाकडे जायची, डाव्या हाताचं ब्रेल आणि पट्टीत अक्षरं काढायला शिकवायला. पावणेदोन वर्षं लागली. रेहाना आता मुलांना मातीकाम शिकवते. भोपळे मात्र तिचा भाऊ निवडतो.

गेल्या वर्षी शस्त्रक्रियेआधी दवाखान्यात संमतिपत्र आलं. डॉक्टरांनी मला बाहेर नेऊन सांगितलं, "आईंना सगळं नका वाचून दाखवू. घाबरतील. जुजबी सांगा आणि सही घ्या." मी आत गेले, खुर्ची ओढली आणि वाचलं. तारीख, नोंदणी क्रमांक, शस्त्रक्रियेचं नाव. रक्तस्राव. भुलीतून बाहेर न येण्याची शक्यता. मृत्यू. टक्केवारीसकट.

"डाग वगैरे?" आईनं विचारलं.

"नाही. कोरा आहे."

तिनं हात पुढे केला. पट्टी मी घरून आणली होती. तिनं करंगळी टेकवली आणि हळूहळू, सहावीतल्या मुलीच्या अक्षरात लिहिलं : ऐकले. मग सही. तारीख मला घालायला सांगितली. हात दमला होता.

त्याला आता अकरा महिने झाले.

आईनं तो 'हो' रेहानासमोरही जन्मभर तसाच ठेवला. रेहाना अजूनही मानते की मॅडमना माहीत होतं. आईचे दिवस झाल्यावर ती भेटायला आली होती. जाताना डाव्या हातानं माझा चेहरा चाचपून म्हणाली, "राग नव्हता गं माझा त्यांच्यावर. पण एकदा विचारायचं होतं, फळीवर माझाच कान का लावायला लावला."

उद्या गुरुवार. उद्या मी तिच्याकडे जाणार आहे आणि हे सगळं तिला वाचून दाखवणार आहे, 'तारीख आधी' पासून. पट्टी सोबत घेतली आहे. खाली दोन बोटं जागा सोडली आहे. तिथं काय लिहायचं, किंवा काहीच लिहायचं नाही, ते ती निवडेल.